दगडी झाली तर: लगेच ट्यूब, की आधी दुधाची तपासणी?

दगडी म्हणजे कासदाह, कासेला झालेला संसर्ग. गाईची कास एका बाजूने कडक झाली, धारेत गुठळ्या दिसल्या, की गोठ्यातून पहिला फोन औषधासाठीच जातो. समोर चार वाटा असतात. मागच्या वेळची अँटिबायोटिकची ट्यूब मेडिकलमधून आणून सडात सोडायची, डॉक्टरांना बोलावून लगेच इंजेक्शन सुरू करायचं, दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहायची, नाहीतर कोरफड-हळदीचा लेप लावून बघायचं. पाच-दहा जनावरं असलेल्या माणसाने यातली कोणती वाट कधी धरावी, यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगतो. पहिली ट्यूब सडात जाण्याआधी त्या सडाचं थोडं दूध बाटलीत काढून ठेवा, मग कुठलीही वाट धरा. औषध सोडल्यावर काढलेल्या नमुन्यात बरेचदा काही वाढतच नाही, आणि ट्यूबने गुण आला नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हातात काहीच उरत नाही. बाटलीभर दुधाला खर्च नाही, आणि त्यामुळे चारही वाटा खुल्या राहतात.

आधी जनावराकडे बघा, मग सडाकडे

ताप आहे, खाणं-रवंथ बंद आहे, कान थंड पडलेत, दूध पाण्यासारखं पिवळसर येतंय किंवा जनावर बसलंय, तर तुलना करायला वेळच नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारख्या जिवाणूंचं विष रक्तात उतरलेलं असू शकतं. नमुना काढा आणि त्याच तासात डॉक्टरांना बोलवा. अशा वेळी अँटिबायोटिकइतकंच महत्त्व सलाईनला आणि सूज-ताप उतरवणाऱ्या औषधाला असतं. नुसती ट्यूब सोडून रात्र काढली तर गाय हातची जाऊ शकते.

जनावर चांगलं खातंय, ताप नाही, फक्त गुठळ्या किंवा थोडी सूज आहे, तर एक दिवस थांबता येतं. बहुतेकांना हे पटत नाही. परदेशातल्या अनेक मोठ्या गोठ्यांवर सौम्य दगडीचा नमुना रात्रभर वाढवून बघतात आणि मगच ट्यूब द्यायची की नाही ते ठरवतात. काही नमुन्यांत काहीच वाढत नाही, कारण जनावराने संसर्ग स्वतःच मोडून काढलेला असतो. सौम्य ई. कोलायची दगडीही बहुधा आपोआप ओसरते. अशा दोन्ही जनावरांना ट्यूब दिली तर औषधाचे पैसे जातात, दूध ओतावं लागतं, हाती काही लागत नाही.

मागच्या वेळची ट्यूब की तपासणी?

‘मागच्या वेळी याच औषधाने गुण आला होता’ हा आधार कच्चा आहे. दगडी करणारे जिवाणू अनेक आहेत आणि प्रत्येकाची औषध पचवण्याची रीत वेगळी आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस पेनिसिलिन फोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो. त्याच्या काही वाणांत मेक-ए नावाचं जनुक असतं, आणि ते असलं की पेनिसिलिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधं निकामी ठरतात. अशा मेथिसिलिन-प्रतिरोधक (म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातल्या मेथिसिलिनलाही न जुमानणाऱ्या) वाणाची जनावरांतली पहिली नोंद १९७२ मध्ये बेल्जियममध्ये झाली, तीही दगडी झालेल्या गाईंच्या दुधातून. ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचे काही वाण सेफ्ट्रिॲक्झोनसारखी, सेफॅलोस्पोरिन कुळातली तिसऱ्या पिढीची औषधं फोडणारी विकरं बाळगतात. याउलट सडातले बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस आजही साध्या पेनिसिलिनला दबतात.

म्हणून तपासणीतून नेहमी महागडंच औषध निघतं असं नाही. जुनं, स्वस्त पेनिसिलिन पुरेसं आहे, हेही कधी कधी तिच्यातूनच कळतं. तपासणी नसली की ‘जोरदार द्या’ म्हणून सेफ्ट्रिॲक्झोन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन टोचलं जातं. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन (एन्रोफ्लॉक्सासिन यातलंच) ही दोन्ही कुळं जागतिक आरोग्य संघटनेने माणसासाठी सर्वोच्च प्राधान्याने जपायच्या यादीत घातली आहेत. एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग गाईच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, आणि तेच सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्या घरातल्या माणसाला डॉक्टर लिहून देतात. गोठ्यात तयार झालेला प्रतिरोधक जिवाणू धार काढणाऱ्याच्या हातावर, शेणात, कच्च्या दुधात जातो. मला हे प्रकरण केवळ दुधाच्या हिशोबाचं वाटत नाही ते यामुळेच.

आणखी एक सवय सांगायलाच हवी. माणसाचं किंवा जनावराचं इंजेक्शन सिरिंजने सडातून आत सोडणारे आहेत. अशा अस्वच्छ हाताळणीतून सडात बुरशी, यीस्ट शिरतं, आणि त्यावर कुठलंही अँटिबायोटिक चालत नाही. एकच ट्यूब दोन सडांत वाटणं हाही तोट्याचाच धंदा आहे.

तपासणीच्या बाजूची अडचण खरी आहे: वेळ आणि अंतर. जिवाणू वाढवायला एक दिवस, औषधाच्या चकत्या ठेवून संवेदनशीलता (कुठल्या औषधाला जिवाणू दबतो ते) बघायला दुसरा, म्हणजे अहवाल दोन-तीन दिवसांनी येतो. जिल्ह्याची पशुरोगनिदान प्रयोगशाळा, पुण्यात औंधचा रोग अन्वेषण विभाग, नाहीतर शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबईची पशुवैद्यकीय महाविद्यालयं यांपैकी जवळचं ठिकाण गाठा. आधी फोन करून नमुने कधी घेतात ते विचारा. तालुक्याच्या दवाखान्यातूनही नमुना पाठवता येतो का ते बघा.

नमुना नीट घेतला नाही तर अहवाल वाचून उपयोग नाही. सड धुऊन पूर्ण कोरडा करा, पहिल्या चार-पाच धारा सोडून द्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली तिरकी धरून पाच-दहा मिली दूध घ्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. चार सडांचं एकत्र दूध पाठवू नका. बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात तीन-चार जातींचे जिवाणू आले तर ती बहुधा गोठ्यातली घाण असते.

अहवालावर किती विसंबावं

अहवालात प्रत्येक औषधापुढे ‘एस’ (जिवाणू दबतो), ‘आय’ (मधलं) किंवा ‘आर’ (जिवाणू दबत नाही) असतं. ‘आर’ म्हणजे ते औषध सोडाच, यावर मी पूर्ण विसंबतो. ‘एस’ मात्र बरं होण्याची हमी नाही. चकती काचेच्या ताटलीत तपासलेली असते, कासेत नव्हे. स्टॅफ ऑरियस कासेच्या आत गाठी करून, पेशींमध्ये दडून, स्वतःभोवती चिकट पापुद्रा धरून बसतो. तिथे औषध पोचतच नाही. पहिल्या वेताची गाय, एकच सड, नवा संसर्ग असेल तर उपचाराला अर्थ आहे. पाचव्या वेताची गाय, दोन-तीन सड, तोच सड वर्षात तिसऱ्यांदा सुजलेला असेल, तर ‘एस’ असूनही गुण येण्याची शक्यता कमीच. अशा वेळी औषध बदलत बसण्यापेक्षा दुसरा निर्णय घ्यावा. तो शेवटी सांगतो.

लेप

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो लेप असा: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, पातळ करून, कास रिकामी करून दिवसात अनेकदा पाच दिवस लावायचा. सौम्य दगडीत मी याच्या बाजूने आहे. दुधात औषधाचा अंश राहत नाही, नमुन्याचा अहवाल येईपर्यंतचा वेळ भरून निघतो, आणि लेपाच्या निमित्ताने कास वारंवार पिळली जाते, त्याचाही फायदा होतोच. तापाने फणफणलेल्या जनावराला मात्र लेपाच्या भरवशावर ठेवू नका.

आटवताना

विण्याआधी साधारण ६० दिवस गाय आटवताना (तिचं दूध काढणं बंद करताना) चारही सडांत दीर्घ मुदतीची ट्यूब सोडायची, हा जुना सल्ला. युरोपीय संघाने २८ जानेवारी २०२२ पासून सरसकट प्रतिबंधक वापर नियमाने थांबवला. आपल्याकडे छोट्या गोठ्यात निवड करणं उलट सोपं आहे. सीएमटीच्या (दगडी ओळखायच्या कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टच्या) चार वाट्यांच्या पाळ्यात प्रत्येक सडाचं दूध तपासा, जिथे चिकट जेल होईल त्याच सडाला औषध द्या, बाकीच्यांना सड बंद करणारं सीलंट मिळालं तर उत्तम. ट्यूबचं टोक अर्धवटच आत घाला, पूर्ण ढकलू नका.

दूध कधी घालायचं

औषध दिल्यावर किती दिवसांनी डेअरीला दूध घालायचं, ती मुदत औषधाच्या लेबलवर बघा. लेबलवर नसेल तर भारतीय औषध नियमांनुसार दुधासाठी किमान ७ दिवस धरा. ते दूध वासरालाही पाजू नका, त्याच्या आतड्यात प्रतिरोधक जिवाणूच वाढतात. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये अँटिबायोटिकचे अंश मर्यादेबाहेर सापडले होते. लगेच ट्यूब आणि थांबून तपासणी यांचा खर्च मांडताना हे ओतलेलं दूध हिशोबात धरा. बहुतेक जण फक्त औषधाचं बिल धरतात.

वारंवार होणारी दगडी

आता तो निर्णय. एकाच सडात स्टॅफ ऑरियस पुन्हा पुन्हा निघत असेल तर डॉक्टरांशी बोलून तो सड कायमचा आटवा आणि गाय तीन सडांवर चालवा. दोन-तीन सड तसेच असतील तर ती गाय गोठ्यातून कमी करणं भाग आहे, नाहीतर तिच्यामुळे बाकीच्यांना लागण होत राहील. तोवर तिची धार सगळ्यात शेवटी काढा, मशीन असेल तर तिच्यानंतर धुऊनच पुढच्या वेळी वापरा, प्रत्येक गाईला वेगळं फडकं ठेवा. धार झाल्यावर सगळ्यांचे सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे सडाचं तोंड मिटेपर्यंत अर्धा तास जनावरं उभी राहतील.