गावचं हायस्कूल की तालुक्याचं इंग्लिश मिडीयम?
आठवीला पोरगं कुठं घालायचं यावर आमच्याकडं दरवर्षी वाद. आईबापांना तालुकाच पाहिजे, तिथं लॅब चांगली, इंग्लिश सुधारतं, पण फी वर व्हॅनचं भाडं वेगळं आणि पोरगं सकाळी डबा घेऊन गेलं की दिवे लागल्यावरच घरी. पोरांना मात्र गावचंच बरं वाटतं, सर नावानं ओळखतात, दांडी मारली की थेट पारावर बापाला गाठतात (हे तेवढं आवडत नाही). गणिताचे सर गेले की जागा रिकामीच, हे दुखणं खरंय. पण एनएमएमएस (गरीब घरच्या हुशार पोरांसाठी आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी केंद्राची शिष्यवृत्ती) फक्त सरकारी-अनुदानित शाळेतल्या पोरांना, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, विनाअनुदानितवाल्यांना फॉर्मच भरता येत नाही. मी तर दहावीपर्यंत गावातच ठेवीन, इंग्लिशला शिकवणी लावून.