चिमणीची जळकी मोटर आणि १४,५६९ चं बिल

आधी आकडेच लिहिते, म्हणजे संताप कशाचा ते कळेल. व्हिजिट ३९९, डीप क्लीनिंग १,४९९, मोटर ४,८५०, पीसीबी म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड २,६००, वर्षाची एएमसी म्हणजे देखभालीचा करार २,९९९. बेरीज १२,३४७. त्यावर १८ टक्के जीएसटी २,२२२. झाले १४,५६९. "मॅडम, ऊपर के ५६९ छोड़ दो," असं म्हणून दुरुस्तीला आलेल्या माणसाने वर उपकारही केले. स्वयंपाकघरातली हीच चिमणी शोरूममधून कोरी घेतली तेव्हा १५,४९० पडले होते!

नंबर कुठे मिळाला? तुम्हाला मिळतो तिथेच. कंपनीचं नाव आणि 'नागपूर सर्व्हिस सेंटर' शोधलं, सगळ्यात वर जो आला तो लावला. खरा नंबर वॉरंटी कार्डावर असतो हे मलाही ठाऊक आहे. पण महालक्ष्म्या तोंडावर, घरात पाहुणे, आणि चिमणीतून शेगडीवर तेलाचे थेंब. सोळा भाज्या, पुरण, वडे, भजी कशाखाली करायची होती? अशा वेळी कपाट उपसून कार्ड शोधणाऱ्या बाईला माझा दंडवत.

तक्रार थेंबांची आणि थोड्या घरघरीची होती, बाकी चिमणी धूर नीट ओढत होती. सकाळीच तिच्याखाली ठेचा परतला, घरात एकालाही ठसका लागला नाही. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घालून हा आला, फिल्टर काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "बाल्कनी में गरम पानी में डालो, तब तक मैं खोलता हूँ." मी परत येते तर ओट्यावर मोटर. वाइंडिंग काळंकुट्ट. "मोटर गई मॅडम. कार्ड भी उड़ गया."

ग्रॅनाइटला डाग नको म्हणून मी मोटरखाली पेपर सरकवला. तिथेच कळायला हवं होतं. चार वर्षं सावजी रश्श्याच्या फोडण्या ओढलेली चिमणी, फिल्टरमधून तेल गळतंय, आणि तिच्या पोटातून निघालेल्या मोटरचा पेपरवर एक डाग नाही! उलट धूळ झडली. कोरडी, भुरभुरीत धूळ, वर्षानुवर्षं दुकानाच्या कोपऱ्यात पडलेल्या वस्तूवर असते तशी. मी तो पेपर उचलला, कोरा दिसला म्हणून घडी करून पुन्हा रद्दीत ठेवला. सासूबाई तर म्हणाल्यासुद्धा, "बाई, तेल कसं नाही गं याला?" मी म्हटलं, त्याने पुसली असेल.

क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते नीट वाचा. माझ्यासमोर कोण्या माणसाचं नाव आलं, कंपनीचं नाही. "मॅनेजर का खाता है," म्हणे. जुनी मोटर "कंपनी में जमा करनी पड़ती है" म्हणून सोबत घेऊन गेला. बदललेला भाग घरात ठेवून घ्या, कितीही घाण असला तरी.

सण पार पडला आणि चिमणी बंदच पडली. मग सीताबर्डीतल्या एका दुकानातून ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्याने कव्हर काढलं आणि हसायलाच लागला. आत मूळचीच मोटर, तिच्या स्क्रूंवर तेलाचा चिकट थर जसाच्या तसा. कार्डही जुनंच. बिघाड फक्त कपॅसिटरचा, लावून २५० रुपये. सर्व्हिसिंगचे ७००. नवी मोटर खरंच लागली असती तर त्याच्याकडे अडीच ते चार हजार, तीही डब्यातून समोर काढून. दर आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फिल्टर तर घरीच गरम पाणी आणि भांड्याच्या साबणात स्वच्छ निघतात, त्यासाठी १,४९९ कशाला?

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेले त्यांचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा ग्राहकाचा वाद आहे, सिव्हिल मॅटर. मी म्हटलं, न बदललेल्या मोटरचे पैसे घेणं ही फसवणूक नाही? जुनं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, गुन्हा तर तोच ना! मग सायबरच्या टेबलवर पाठवलं. तिथे म्हणे, पिन तुम्हीच टाकला, यात सायबर काय? बिलावरचा पत्ता दुसऱ्या हद्दीतला, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. हे ऐकवलं तर साहेबांनी विचारलं, "मॅडम, वकील आहात का?" बँक म्हणते व्यवहार यशस्वी आहे. माझा तर झाला नाही, त्याचा झाला! कंपनी म्हणते तो माणूस आमचा नाहीच, आणि त्यांच्या नावाचा टी-शर्ट घालून तो शहरभर फिरतोय याचं त्यांना काही नाही. तुमचे पैसे असे गेले तर त्याच तासाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. माझ्यासारखे सणाचे दिवस जाऊ देऊ नका.

आणि हो, बिलावरचा जीएसटी नंबर मोजा. खरा पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. माझ्या बिलावर तेराच अक्षरं आहेत.

परवा त्याच नंबरवरून एका मुलीचा फोन आला. एएमसीची पहिली फ्री सर्व्हिस ड्यू आहे, सोबत आरओही चेक करून देऊ. मी हो म्हटलं, वेळ ठरवली आणि धावत ठाण्यात कळवलं. साहेब म्हणाले, "आला की त्याला बसवून ठेवा, चहापाणी करा, आणि मग आम्हाला फोन करा."