वादळात एसीचं बाहेरचं युनिट: झाकावं की नुसतं जखडावं?

चक्रीवादळाचा इशारा आला की स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. ताडपत्री गुंडाळून दोरीनं आवळा, हा एक. उघडंच राहू द्या, फक्त जागचं हलणार नाही असं जखडा, हा दुसरा. मी दोन्ही करून पाहिलंय.

झाकावंसं वाटणं साहजिक आहे. युनिट पावसात उभं राहायलाच बनवलेलं असतं, त्यामुळे धास्ती पाण्याची नसते, उडत येणाऱ्या फांद्या-पत्र्यांची असते. मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, तर बोटानं दाबल्या तरी वाकतात. पण उडता पत्रा ताडपत्री कितपत अडवेल, मला शंकाच आहे. प्लायवुड अडवेल, पण ते पक्कं ठोकलेलं हवं. शिवाय ताडपत्रीचं शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि वादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर मधल्या शांततेनंतर वारा उलट्या बाजूनं येतो. आपण दोरी आवळलेली असते पहिल्या बाजूचा विचार करून.

हे सगळं मी चालवून घेतलंही असतं. नडल्या त्या गाठी. भिजलेली सुतळी फुगून अशी आवळली की सुटता सुटेना. अंधारात कोण कापत बसणार, म्हणून सकाळवर टाकलं. मध्यरात्री वीज आली, घामाघूम झालेल्या घरातल्या कुणीतरी रिमोट दाबला आणि युनिट ताडपत्रीच्या आत सुरू झालं. गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही. थोड्याच वेळात कॉम्प्रेसर तापून बंद पडला. नशिबानं वाचला, पण ती घरघर ऐकल्यापासून झाकण्यावरचं मन उडालं.

आता पाय चौथऱ्याला अँकर बोल्टनं बसवलेत, वरून धातूचे दोन पट्टे. एकदा केलं की इशाऱ्याच्या दिवशी नट तेवढे चाचपायचे. युनिट भिंतीवर असेल तर ब्रॅकेटचा गंज आधी बघा. युनिट कलंडलं की तांब्याची नळी पिळली जाते आणि गॅस जातो. उघडं ठेवल्याची किंमत मीही मोजली: एका कोपऱ्यातल्या फिन्स वाकल्या. त्यांचा खास कंगवा मिळतो, त्यानं बऱ्याचशा सरळ झाल्या.

काहीही निवडा, एमसीबी (बोर्डवरचा एसीची वीज तोडणारा खटका) मात्र पाडाच. रिमोटनं बंद केलेल्या एसीत वीज पोचतेच, आणि वादळानंतर ती ये-जा करत राहते. मी तेव्हा एमसीबी पाडला असता तर ताडपत्रीचा प्रकारही टळला असता, हे मान्य. विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर झाल्याशिवाय तो वर करू नका. युनिटमध्ये पुराचं पाणी शिरलं असेल तर मेकॅनिकनं तपासेपर्यंत हातही लावू नका. वीज तोडल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज उरते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर फिन्सवरचा खार वीज बंद असतानाच गोड्या पाण्यानं, हलक्या धारेनं धुवा.

वादळ दोन दिवसांवर आहे आणि बोल्ट ठोकायला माणूस मिळत नाही, अशा वेळी झाकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त सुतळीऐवजी बकलाचे पट्टे घ्या, म्हणजे ओल्या हातांनी, अंधारातही सुटतील.