तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम आणि लिनक्स मिंट: बरेच महिने वापरल्यावर

पंखा आवाज करतो, एवढीच तक्रार घेऊन लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला होता. काउंटरवरच्या माणसाने मागची मॉडेलची चिठ्ठी वाचली आणि निकाल दिला: पार्ट येत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद, ११ यावर चढणार नाही, नवीन घ्या. वर तपासणीचे पैसे मागितले. स्क्रू न काढता तपासणी! भांडलो, पैसे दिले नाहीत, मशीन उचलून आणलं.

विंडोज ११ बद्दल तो खोटं बोलत नव्हता. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. माझा तिसऱ्या पिढीचा. पण विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या यादीत नाव नाही म्हणून चालतं यंत्र फेकायचं, हे माझ्या खिशाला पटत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, तिची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि किमान गरज २ जीबी रॅमची, सुखाने चालायला ४.

एक गोष्ट आधीच सांगतो. हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, आणि वेगातला मोठा फरक तिनेच पाडला. “लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप उडायला लागला” असं सांगणारे बरेच जण एसएसडीचा उल्लेख सोयीने गाळतात. जुनी फिरती डिस्क ठेवून कुठलंही लिनक्स टाका, ब्राउझर उघडेपर्यंत वाट बघावीच लागेल. रॅमसाठी झेडरॅम ही लिनक्समधली सोय चालू केली. त्यात वापरात नसलेला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवला जातो, त्यामुळे टॅब थोडे जास्त उघडता येतात. चमत्कार नाही, पण फुकट आहे.

इन्स्टॉल करायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून वायफाय, आवाज आणि झाकण बंद केल्यावरची झोप तपासा. माझं वायफाय लाइव्हमध्ये दिसलंच नाही. फोन यूएसबीने जोडून इंटरनेट घेतलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, मग सुरळीत. मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत कागपा फोनेटिक लेआउट मिळाला, वेगळं काही उतरवावं लागलं नाही. प्रिंटर चालला. स्कॅनरही चालला, जो विंडोजवर शेवटी शेवटी रुसला होता.

आता पंखा. तुम्हाला हा विषय एवढा मोठा वाटणार नाही, मला वाटतो, कारण मी रात्री हेडफोन न लावता बसतो आणि तो आवाज डोक्यात जातो. मागचं झाकण स्वतः उघडलं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या जाळीत धुळीची गादी बसलेली. ती काढली, थर्मल पेस्ट नवी लावली. जो पार्ट “येत नाही” म्हणे, तो बदलायची गरजच नव्हती. लिहिताना, फाइल हलवताना, मेल बघताना मशीन गप्प झालं. व्हिडिओ लावला की मात्र पुन्हा घरघर. या टप्प्यावर मी हा अनुभव लिहिला असता तर “लिनक्सवर व्हिडिओ नीट चालत नाहीत” असंच लिहिलं असतं.

दोष लिनक्सचा नव्हता. व्हिडिओ दाबून साठवायचे वेगवेगळे प्रकार (कोडेक) असतात. २०१२ च्या या चिपमध्ये एच.२६४ हा जुना प्रकार उलगडणारा वेगळा हार्डवेअरचा भाग आहे, व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या प्रकारांसाठी नाही. यूट्यूब मात्र ब्राउझरला शक्यतो हेच नवे प्रकार देतं, कारण त्यात तेवढ्याच दर्जाला डेटा कमी लागतो. मग सगळं गणित प्रोसेसरच्या डोक्यावर येतं आणि पंखा धावतो. उपाय म्हणजे यूट्यूबकडे एच.२६४ चीच मागणी करायला लावणारं ब्राउझरचं छोटं एक्स्टेंशन. फायरफॉक्समध्ये इंटेलच्या ग्राफिक्सवर हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ त्या वेगळ्या भागाकडून उलगडणं) ११५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरही आपोआप चालू असतं. फायरफॉक्सच्या अबाउट:सपोर्ट (about:support) पानावर कोडेकचा तक्ता बघा, एच.२६४ समोर हार्डवेअरच्या रकान्यात होकार दिसला पाहिजे. नसेल तर त्यासाठी लागणारा आय९६५ नावाचा व्हीए ड्रायव्हर आहे का ते तपासा. एच.२६४ यूट्यूबवर १०८० पर्यंतच मिळतं, पण माझी स्क्रीनच १३६६ बाय ७६८ ची, मला काय फरक पडतो?

एवढं करूनही व्हिडिओचं पान स्वतःच जड. शिफारशी, कमेंट, जाहिराती, सगळं मिळून व्हिडिओपेक्षा पानच जास्त रॅम खातं. म्हणून आता चॅनेलांच्या आरएसएस फीड (नव्या व्हिडिओंच्या आपोआप येणाऱ्या याद्या) एका रीडर अ‍ॅपमध्ये टाकल्यात आणि व्हिडिओ थेट एमपीव्ही प्लेअरमध्ये उघडतो. पंखा ढिम्म हलत नाही. फीडचा आणखी एक फायदा: ज्यांना मी स्वतः निवडलंय तेच दिसतात. कोण काय बघतंय यावरून मला काय दाखवायचं हे कुणी ठरवत नाही.

पण याचा दुसरा हिशोबही आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. एमपीव्हीमध्ये जाहिरात दिसतच नाही, म्हणजे माझ्या पाहण्याचे त्याला शून्य. मोठ्या चॅनेलला माझ्यावाचून काही अडत नाही. ज्या माणसाने वायफाय ड्रायव्हरवर दहा मिनिटांचा स्पष्ट, बडबड नसलेला व्हिडिओ केला, त्याचे प्रेक्षकच मूठभर. नवीन लॅपटॉप वाचवायचा आणि तो ज्याच्यामुळे वाचला त्याला काहीच द्यायचं नाही, हा व्यवहार कंजूष माणसालाही बसत नाही. म्हणून जाहिरातीऐवजी थेट पैसे द्यायचं ठरवलं. दरमहा अगदी थोडे, पण न चुकता.

कुठून द्यायचे यातही काटकसर केली. लिबरापे ही निर्मात्यांना देणगी पोचवणारी फ्रान्समधली ना-नफा संस्था, देणगीतून स्वतःचा हिस्सा कापत नाही, फक्त पैसे पोचवण्याचं शुल्क जातं. को-फाय या अशाच साइटवर एकरकमी देणगीवर कमिशन नाही. मासिक सभासदत्वाची साइट पेट्रिऑन कमिशन घेते, पण बोलके कार्यक्रम करणाऱ्यांकडून सभासदाला खासगी ऑडिओ फीड मिळू शकते. ती याच रीडरमध्ये चालते, वेगळं अ‍ॅप लागत नाही. पेट्रिऑनचं सभासदत्व आयफोनच्या अ‍ॅपमधून घेऊ नका, ब्राउझरमधून घ्या. अ‍ॅपमधल्या खरेदीवर अ‍ॅपलचा ३० टक्क्यांपर्यंत वाटा असतो, तो तुमच्या किंवा निर्मात्याच्या खिशातून जातो. संगीतासाठी बँडकॅम्प, कलाकारांकडून गाणी विकत घ्यायची साइट: विकत घेतलेलं गाणं फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली) फाइल म्हणून उतरतं, कुलूप नसलेलं, आणि जुन्या मशीनवर ऐकायला इंटरनेटही लागत नाही. मार्च २०२० पासून काही शुक्रवारी ते आपला हिस्सा सोडतात, मी खरेदी त्याच दिवसांसाठी राखून ठेवतो.

तक्रारी उरल्यात. व्हिडिओ कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर करायला गेलं की प्रोसेसर गुडघे टेकतो, ती सोय मी बंदच ठेवली आहे. पैसे भरून बघायच्या काही साइट लिनक्सच्या ब्राउझरला कमी दर्जाचं चित्र देतात, तिथे ना मिंट काही करू शकतं ना मी. त्यातल्या एकीचं सभासदत्व या महिन्यात बंद केलं. तेवढीच रक्कम आता मिंटला जाते, त्यांच्या मासिक देणगीदारांच्या यादीत.