कूर्चेचा तुकडा की उंदीर?
सांध्यांच्या आजारांवर पीएचडी करू पाहणाऱ्या लातूरच्या एका विद्यार्थिनीपुढे पेच आहे: गुडघेबदल शस्त्रक्रियेत काढलेली मानवी कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत, लवचीक आवरण) वापरावी, की उंदरांवर प्रयोग करावेत?

खर्चात कूर्चा स्वस्त पडते, कारण एरवी ती कचऱ्यातच जाते. रुग्णाची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी मात्र हवीच. तिच्यातील पेशी सुट्या करून सपाट बशीत वाढवल्या, तर त्या पसरट होतात आणि कूर्चेत असणाऱ्या टाइप २ कोलॅजन या प्रथिनाऐवजी हाडांत व त्वचेत असणारे टाइप १ कोलॅजन बनवू लागतात, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्याच पेशी हातातून निसटतात. त्यापेक्षा अखंड तुकडाच पोषक द्रवात ठेवलेला बरा. शिवाय ही कूर्चा बहुधा आजाराच्या अखेरच्या टप्प्यातली असते.

उंदराच्या गुडघ्यातील मेनिस्कस (दोन हाडांमधली गादीसारखी चकती) शस्त्रक्रियेने सैल केल्यावर झीज दिसायला काही आठवडे लागतात. प्राणिगृहाचा खर्च आणि परवानग्या वेगळ्याच. पण आमवातात, म्हणजे प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आजारात, टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी), लसीकाग्रंथी, रक्ताभिसरण यांचा परस्परसंबंध तपासायचा असतो, आणि तो बशीत कुठून आणणार? टीएनएफ हे दाह वाढवणारे प्रथिन रोखल्यास सांधेसूज ओसरते, हे १९९२ मध्ये कोलॅजन टोचून संधिवात घडवलेल्या उंदरांत दिसले होते.

कूर्चा झिजवणाऱ्या एन्झाइमांचा अभ्यास करायचा असेल आणि अस्थिरोग विभाग हाताशी असेल, तर कूर्चा घ्यावी. आजाराची सुरुवात किंवा प्रतिकारशक्तीची चूक शोधायची असेल, तर उंदरांना पर्याय नाही.