सात महिने रोज एक पेरू : माझा अनुभव

ऑगस्टमध्ये रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोटानं संप पुकारला. तीन-तीन दिवस साफ होईना. गोळ्या बंद करते म्हटलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी सोडायची नाही, जेवणात पेरू घ्या." तेव्हापासून गावाला गेलेले दिवस वगळता रोज एक पेरू खाल्ला आहे.

पहिले पंधरा दिवस मात्र वाया गेले. मी रस काढून, गाळून प्यायचे. सासूबाईंनी चाळणीतला लगदा पुढं धरला, "औषध टाकतीस आणि पाणी पितीस व्हय गं?" खरंच होतं. शंभर ग्रॅम पेरूत ५ ग्रॅमच्या वर चोथा असतो, आणि तोच मी टाकत होते. मग सालीसकट, बियांसकट खायला लागले, पाणीही वाढवलं. आठवड्याभरात पोट सुटलं ते आजतागायत.

लोहाच्या नावानं पेरू खाणाऱ्यांना एक सांगते : पेरूत लोह फारसं नसतंच. त्यात आहे ते सी जीवनसत्त्व, शंभर ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर. संत्र्यात ५०च्या आसपास. भाकरी-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला हे सी त्याच जेवणात पोटात जावं लागतं. म्हणून दुपारी ताटातच फोडी घेते, त्याही आयत्या वेळी चिरून. जेवणावरचा चहा लोह अडवतो, तो तासभर पुढं ढकलला. मला सगळ्यात जड हेच गेलं.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.६ आलं. श्रेय आधी गोळ्यांचं. पण पेरू नसता तर गोळ्या मी सप्टेंबरातच सोडल्या असत्या.

खरेदी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटातली. पावसाळ्यातला पेरू पाणचट, चिरला की आत अळी. थंडीत मात्र काय गोडी! देठाजवळ पिवळसर, बोटानं जरासा दबणारा आणि पिशवीतून वास येणारा घ्यावा. पेरूवाल्या मावशी स्वतःच अडवतात, "ताई, आज करकरीत हाय, उद्या खावा." एकदा ऐकलं नाही, कच्चाच खाल्ला, रात्रभर पोट दुखलं. मला सरदार आवडतो. त्याला लखनौ-४९ म्हणतात, पण ही जात निवडली गेली ती पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत. गुलाबी गराच्या पेरूत टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य असतं, तरी चवीला मला पांढराच बरा.

तक्रारी दोन. कवळीवाल्यांना बिया फार त्रास देतात, सासूबाईंना चमच्यानं नुसता गर द्यावा लागतो. दुसरी, मीठ आणि कांदा-लसूण चटणी लावून खायची आपली सवय. ह्यांना बीपी आहे, त्यामुळं ती घरात बंद केली.

साखर उतरते म्हणून एका प्रदर्शनातून पेरूच्या पानांचं चूर्णही आणलं होतं. ह्यांनी दोन महिने घेतलं, उपाशीपोटीची साखर होती तिथंच. बरं झालं, मधुमेहाची गोळी चालूच ठेवली होती.

आता मार्च लागला, भाव चढलाय. परवा आणलेल्यातले दोन आज नरम झालेत, भाकरीसोबत तेच.