बिलावर लिहिले होते फक्त '३०६०'

माझी नोकरी लेखापरीक्षणाची आहे. देयकावर नग लिहिलेले आहेत पण वस्तूचा प्रकार लिहिलेला नाही, असे दिसले की मी त्यावर 'तपशील अपूर्ण' असा शेरा मारून ते परत पाठवतो आणि गेली बावीस वर्षे हेच करत आलो आहे. असे असताना स्वतःच्या संगणकाच्या साडेनव्याण्णव हजार रुपयांच्या खरेदीत ग्राफिक कार्डापुढे, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागापुढे, 'व्हीजीए कार्ड ३०६० – १ नग' एवढाच मजकूर असलेले बिल मी निमूटपणे घडी घालून खिशात ठेवले. कार्यालयात हे अजून कोणाला सांगितलेले नाही. मात्र पहिल्यांदाच संगणक जुळवून घेणाऱ्या माणसाला नेमके कोठे फसवले जाते, ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कार्यालयातली भिशी मला लागली. वीस जणांचे पाच-पाच हजार, म्हणजे बरोबर एक लाख. या पैशांतून नवा कूलर घ्यावा असे पत्नीचे मत होते आणि नागपूरचा मे महिना ठाऊक असलेला कोणीही तिच्याच बाजूने उभा राहिला असता. पण लहानपणापासून मला विमानांचे वेड आहे. प्रतापनगरातल्या आमच्या घरात सोनेगाव विमानतळाच्या विमानांचा आवाज ऐकू येतो आणि या वयातही मी तो ऐकून गच्चीवर जातो. भाच्याच्या लॅपटॉपवर विमान उडवण्याचा सिम्युलेटर पाहिला तेव्हा कॉकपिटमधल्या तबकड्यांवरचे आकडे मला वाचताच येईनात. तेव्हाच ठरवले, की संगणक घ्यायचा तर फोर-के, म्हणजे अतिशय बारीक तपशील दाखवणाऱ्या पडद्याचाच घ्यायचा.

मी अगदीच अनभिज्ञ होतो असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर त्याच्या 'खाणकामासाठी', म्हणजे संगणकावर आकडेमोड करून ते चलन कमावण्यासाठी, रात्रंदिवस राबवलेली ग्राफिक कार्डे निरुपयोगी ठरली आणि स्वस्तात बाजारात आली, हे मी वाचले होते. जुन्या कार्डातला मूळ प्रोग्राम बदलून ते नव्या मॉडेलच्या नावाने विकतात, जीटीएक्स ५५० टीआयचे १०५० टीआय करतात, आणि जीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डाच्या नावापुढे 'फेक' असा शिक्काच दाखवते, हेही मला माहीत होते. म्हणून वापरलेला भाग घ्यायचा नाही, दुकानातूनच घ्यायचा आणि अठरा टक्के जीएसटीसह पक्के बिल घ्यायचे, असे मी ठरवून टाकले होते. हे तिन्ही निर्णय योग्यच होते. पण माझ्या बाबतीत जे घडले, ते या तिन्हींच्या कुंपणातून सहज आत आले.

बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, एका गल्लीतील दुकानात मी कोटेशन घेतले. दुकानदार तिशीतला, बोलण्यात गोड आणि कामात चटपटीत होता. त्याने पॅडच्या चिठ्ठीवर बॉलपेनने सारे लिहून दिले. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी ५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची एसएसडी, ६५० वॉटचा पाच हजारांचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर. ग्राफिक कार्डापुढे त्याने '३०६० १२ जी', म्हणजे १२ जीबी मेमरीचे ३०६०, असे लिहून ३१,५०० हा आकडा टाकला. सवयीने मी त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवला. पुढे जे काही थोडेफार पदरात पडले, ते या एका फोटोमुळे.

"याच्यावर फोर-के चालेल ना?" असे मी विचारल्यावर त्याने काउंटरमागच्या फळीवरचे एक खोके उचलून माझ्यासमोर धरले. "काका, हे पाहा ना, सात हजार सहाशे ऐंशी लिहून आहे. याच्यावर आठ-के चालते, तुमचं फोर-के काय चीज आहे?" खोक्यावर ७६८० × ४३२० हे आकडे खरोखरच छापलेले होते. त्यांचा अर्थ एवढाच, की कार्ड तेवढ्या मोठ्या पडद्याला चित्र पुरवू शकते. स्थिर चित्र किंवा व्हिडिओ दाखवणे वेगळे आणि खेळातले चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रेखाटणे वेगळे, हा भेद त्याला नक्कीच ठाऊक होता. मला तो नंतर कळला.

जुळवणीचे काम आतल्या खोलीत होते. "दोन तासांनी या, रेडी करून ठेवतो," असे सांगून त्याने मला बाहेर काढले आणि मी खरेच दोन तास उन्हात भटकून चहा पिऊन परतलो. तोवर संगणक सुरू झालेला होता. त्याने पडद्यावर उपकरणांची यादी उघडून दाखवली आणि तीत 'आरटीएक्स ३०६०' हे नाव स्पष्ट दिसत होते. मी समाधानाने मान डोलावली. खोकी मागितल्यावर तो हसला. "स्कूटरवर इतकी खोकी कशी न्याल, काका? माळ्यावर ठेवून देतो. वॉरंटीचं काम पडलं तर आमच्याकडंच या लागते ना." कॅबिनेट पायाशी आणि मॉनिटर ऑटोत, अशी माझी कसरत आधीच ठरलेली असल्यामुळे मी उलट त्याचे आभार मानले.

घरी पहिल्या रात्रीपासून काहीतरी खटकत होते. माऊसचा बाण अडखळत सरकत होता. सेटिंग पाहिले तर पडदा सेकंदाला तीसच वेळा ताजा होत होता, कारण दिलेली एचडीएमआय केबल जुन्या प्रतीची होती. ती बदलल्यावर आकडा साठवर गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण सिम्युलेटरमध्ये एखाद्या मोठ्या शहरावर विमान आले, की चित्र अर्धा-अर्धा सेकंद गोठून पुन्हा उडी मारत असे. विमान उतरवताना अर्धा सेकंद म्हणजे फार मोठा काळ असतो.

मे महिन्यात उन्हाचा पारा पंचेचाळिशीकडे गेला आणि संगणक खेळता खेळता धाडकन बंद पडू लागला. एके दिवशी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. सुटीत अमरावतीहून आलेल्या भाच्याने कॅबिनेटचे झाकण काढले आणि टॉर्च धरून बराच वेळ आत पाहिले. कार्डाला वीज देण्यासाठी एसएमपीएसमधून थेट आठ पिनांची वायर यायला हवी होती. तिच्या जागी जुन्या हार्डडिस्कसाठी असतात तसले दोन मोलेक्स प्लग एकत्र करून आठ पिनांचा जुगाड केलेला होता आणि त्यातल्या एका प्लगचे पांढरे प्लॅस्टिक कडेने तपकिरी पडले होते. एसएमपीएसवर '६५०' हा आकडा बोटाएवढ्या अक्षरांत होता. त्याच्या बाजूच्या बारीक कोष्टकात मात्र १२ व्होल्टपुढे २४ अँपियर लिहिलेले होते. बारा गुणिले चोवीस म्हणजे २८८ वॉट. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही मुख्यतः या बारा व्होल्टवरच चालतात. त्यांतल्या कार्डाला १७० वॉट लागतात आणि प्रोसेसरला पूर्ण भारावर सुमारे पाऊणशे. त्यावर बोर्ड, पंखे आणि नागपूरचा उन्हाळा. मोठा आकडा सजावटीचा असतो आणि खरी गोष्ट त्या कोष्टकात असते, हे मी आता कोणालाही सांगतो. शिवाय चांगला एसएमपीएस हातात जड लागतो. आमचा हा, भाच्याच्या शब्दांत, "चिवड्याच्या पुड्यासारखा" होता.

त्यानंतर त्याने जीपीयू-झेड चालवले. 'फेक' असा शिक्का काही आला नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मामा, हे खरंच ३०६० आहे. पण आठ जीबीचं आहे."

हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. आरटीएक्स ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये आले तेव्हा त्यावर १२ जीबी मेमरी होती. २०२२ च्या अखेरीस ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने त्याच नावाने ८ जीबीचेही कार्ड काढले. दोन्हींत गणन करणारे घटक ३,५८४च आहेत, म्हणून नाव तेच राहिले. पण पहिल्यात मेमरीच्या सहा चिप आणि १९२ बिटांचा मार्ग आहे, तर दुसऱ्यात चार चिप आणि १२८ बिटांचा. त्यामुळे सेकंदाला ३६० जीबी ऐवजी २४० जीबी माहितीच ये-जा करू शकते. म्हणजे मेमरीही एक तृतीयांशाने कमी आणि रस्ताही तितकाच अरुंद. साध्या फुल एचडी पडद्यावर हा फरक कित्येकदा सोसवतो. फोर-के पडद्यावर मात्र ८२,९४,४०० ठिपके रंगवायचे असतात, फुल एचडीच्या बरोबर चौपट, आणि मेमरी सर्वांत आधी तेथेच अपुरी पडते. मग जादा माहिती मदरबोर्डाच्या स्लॉटमधून रॅमकडे धाव घेते आणि त्या वाटेचा वेग सेकंदाला जेमतेम ३२ जीबी असतो. माझे विमान गोठत होते ते तेथे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. बारा जीबीचे कार्ड मिळाले असते तरी अवजड खेळ फोर-केवर पूर्ण तपशिलासह सुरळीत चाललेच असते असे नाही. एक लाखात सारे बसवायचे असेल तर २५६० × १४४० चा पडदा घेऊन वाचलेले पैसे कार्डाकडे वळवणे शहाणपणाचे होते. त्या पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके असतात, फोर-केच्या निम्म्याहूनही कमी. हे मला दुकानदाराने सांगायला हवे होते, आणि त्याने नसते सांगितले तरी मी वाचायला हवे होते. 'फोर-के' या शब्दाला भुललेले गिऱ्हाईक त्याने दारातच ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानात गेलो. मी रीतसर तक्रार मांडली. त्याने बिल हातात घेतले, एकदा वाचले आणि शांतपणे विचारले, "३०६० सांगितलं, ३०६० दिलं. खोटं काय बोललो, काका?" त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही, कारण बिलातले प्रत्येक अक्षर खरे होते. मेमरी लिहिलेली नव्हती, कंपनीचे नाव नव्हते, अनुक्रमांक नव्हता. एसएमपीएसच्या ओळीतही फक्त '६५० वॉट' होते. मी चिठ्ठीचा फोटो दाखवला तेव्हा त्याचा सूर बदलला. "ते कोटेशन झालं. त्या दिवशी बारावालं स्टॉकमध्ये नव्हतं, पोरानं हे लावून दिलं असेल." मग किंमत बारावाल्याची का घेतली, या भाच्याच्या प्रश्नावर तो फोनवर बोलू लागला.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, फोन करून तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला पोचपावतीच्या टपालाने लेखी नोटीस पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात तक्रार करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, आणि खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावणेही बंधनकारक नाही. नोटिशीत मी एवढे सारे लिहिले आणि सोबत चिठ्ठीचा फोटो, बिलाची प्रत, जीपीयू-झेडचे चित्र आणि तपकिरी पडलेल्या प्लगचे छायाचित्र जोडले. असे कागद जोडणे मला चांगले जमते.

पंधरा दिवसांनी त्याचाच फोन आला. तडजोड अशी झाली, की त्याने एसएमपीएस बदलून माझ्यासमोर नाव, वजन आणि कोष्टक तपासून दुसरा दिला, दोन्ही कार्डांच्या किमतींतल्या फरकापोटी चार हजार रुपये परत केले आणि नवे बिल करून दिले. या बिलावर प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल आणि अनुक्रमांक मी स्वतः काउंटरवर उभा राहून एकेक ओळ वाचून लिहवून घेतला. त्याला अर्धा तास लागला. मागे उभे असलेले दोन तरुण कंटाळून निघून जायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवून हेच करायला सांगितले. कार्ड मात्र आठ जीबीचेच राहिले. खेळातले चित्र मी आता २५६० × १४४० वर ठेवतो. तबकड्यांवरचे आकडे किंचित धूसर दिसतात, पण विमान गोठत नाही.

निघताना मी माझी खोकी मागितली. दुकानदाराने पोराला माळ्यावर चढवले आणि त्याने धूळ झटकून ग्राफिक कार्डाचे एक खोके खाली दिले. त्यावर ठळक अक्षरांत '१२ जीबी' असे छापलेले होते. मी नवे बिल उघडून अनुक्रमांक ताडून पाहिला. तो माझ्या कार्डाचा नव्हता.